‘जरा शुद्ध बोला’ म्हणण्याआधी

मुलाखतीला आलेली मुलगी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते, आणि तिचं उत्तर बिनचूक असूनही तिला दोन गुण कमी पडतात. हे सर्रास होतं. गुण देणाऱ्याला आपण काही चुकीचं करतोय असं वाटतही नाही, कारण ‘बोलणं कळलं नाही’ आणि ‘बोलणं रुचलं नाही’ यांची डोक्यात केव्हाच सरमिसळ झालेली असते.

या दोन गोष्टी खरोखर वेगळ्या आहेत. मरे मनरो आणि ट्रेसी डर्विंग या भाषा-अभ्यासकांनी 1995 मध्ये परभाषकांचं इंग्रजी लोकांना ऐकवलं आणि ऐकलेलं शब्दन् शब्द लिहून घ्यायला लावलं. ज्या वाक्यांना ‘हेल फार जड’ असा शेरा मिळाला, त्यातली कितीतरी वाक्यं त्याच लोकांनी अचूक उतरवली होती. डोनाल्ड रुबिन यांचा 1992 चा प्रयोग तर आणखी बोचरा. अमेरिकी विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रित व्याख्यान तेच, आवाज तोच. समोर फोटो मात्र एका गटाला गोऱ्या बाईचा, दुसऱ्याला आशियाई बाईचा. दुसऱ्या गटाला व्याख्यान कमी समजलं. म्हणजे अडचण बोलणारीच्या जिभेत नव्हती.

कान मात्र लवकर सरावतो. नवा हेल कानावर पडला की सुरुवातीची काही वाक्यं समजायला वेळ लागतो, पण क्लार्क आणि गॅरेट यांच्या 2004 च्या प्रयोगात हा वेग मिनिटभराच्या आतच सुधारला. घोळ असा की माणसाविषयीचं मत आपण नेमकं त्या पहिल्या मिनिटातच बनवून मोकळे होतो. म्हणून मुलाखतीत पहिली दोन मिनिटं प्रवास, शिक्षण असं काहीही बोला आणि त्याचे गुण देऊच नका. नंतरच्या उत्तरांत काय सांगितलं ते आधी टिपून घ्या, गुण त्या टिपणावरून द्या. उच्चाराचा वेगळा रकाना कामाला खरंच लागत असेल तरच ठेवा.

एखादा शब्द कळला नाही तर ‘काय?’ म्हणून भुवया उंचावू नका. त्याने समोरचा घाबरून अख्खं वाक्य भरभर परत म्हणतो आणि अडलेला शब्द पुन्हा निसटतो. ‘रक्कम किती म्हणालात?’ असं नेमकं विचारा.

शिक्षकांना कळकळीने सांगावंसं वाटतं: अर्थ कळला असेल तर भर वर्गात वाक्य तोडून ‘न’चा ‘ण’ करायला लावू नका. दटावलेलं मूल ‘ण’ कुठे लावायचा हे शिकत नाही, फक्त ‘न’ला भिऊ लागतं. मग ‘मन’चं ‘मण’ आणि ‘कान’चं ‘काण’ होतं, वर्ग पुन्हा हसतो आणि मूल हात वर करणंच सोडून देतं. आणि ‘ण’ म्हणजे शुद्धता हे तरी कुठून आलं? मराठीची पूर्वज मानल्या जाणाऱ्या महाराष्ट्री प्राकृतात ‘नयन’चंही ‘णअण’ होत असे, ते आज कुणी शुद्ध म्हणणार नाही.

प्रमाण उच्चार शिकवायचा तर जरूर शिकवा. निवेदनाला, वक्तृत्वाला तो लागतो. पण वेगळा वेळ काढून, ‘मन–मण’, ‘काळ–काल’ अशा जोड्या आधी नुसत्या ऐकवून, फरक कानाला कळला की मगच म्हणायला लावून. आणि मुलाची नक्कल करून कधीही नाही, प्रेमानेसुद्धा.