2000 निट्स, पण नीट काहीच नाही

मागच्या मे महिन्यात चुलतबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, घोडबंदर रोडला, कुठल्यातरी हॉलमध्ये. कुठल्यातरी अशासाठी म्हणतोय की हॉलचं नाव, पत्ता, वेळ सगळं पत्रिकेत होतं, पत्रिका माझ्या मोबाईलमध्ये होती, मोबाईल माझ्या हातात होता आणि मी मानपाड्याला भर दुपारी साडेबाराला रस्त्यावर उभा होतो, त्यामुळे ती पत्रिका काशीला असती तरी फरक पडला नसता.

त्यात पत्रिका कसली, तर मरून रंगावर सोनेरी अक्षरं, तीही वेलीसारखी वळणं घेत जाणारी. घरात पंख्याखाली बसून बघितली तेव्हा "वा, काय सुंदर!" असं मीच ग्रुपवर लिहिलं होतं. आता उन्हात स्क्रीनवर एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती, ती म्हणजे मी. घामेजलेलं नाक, मागे मेट्रोचा खांब, त्यावर आकाशात एक घार, आणि काचेवर सकाळच्या उपम्याचा अंगठा. पांढरा झब्बा घालून आलो होतो तो वेगळाच, त्याचा उजेड स्क्रीनवर पडून उरलीसुरली अक्षरंही धुऊन निघाली.

फोन घेताना दुकानातला पोरगा म्हणाला होता, "सर, 2000 निट्स ब्राइटनेस आहे, उन्हातपण एकदम क्लिअर." मी आपला निट्स म्हणजे नीट दिसण्याचं काहीतरी माप असेल असं समजून पैसे मोजले. पुढे कळलं की तो आकडा ठरावीक वेळीच गाठला जातो, आणि फोन तापला की तो स्वतःला वाचवायला ब्राइटनेस खाली आणतो. म्हणजे बघा, ऊन वाढलं की जास्त उजेड हवा, आणि नेमकं तेव्हाच हा दिवा बारीक करणार. पाऊस आला की मिटणारी छत्री कुणी विकली असती तर आपण दुकानदाराला सोडलं असतं का? तसा दोष फोनचाही नाही म्हणा, ऑफिसात टेबलावर 500 लक्सच्या आसपास उजेड असतो आणि मेच्या उन्हात 1 लाखाच्या घरात. हे म्हणजे देवळातल्या समईनं सूर्याशी भांडायला जाणं.

सावली शोधावी तर ती सुट्टीवर. मेच्या मध्याला ठाण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि आमची तारीख त्याच्याच आसपासची. मेट्रो 4 चे एवढे भलेमोठे खांब उभे केलेत पण एकाचीही सावली बाहेर पडायला तयार नाही, सगळी पायाशी गुंडाळलेली. वरच्या पुलाची होती थोडी, पण ती डिव्हायडरवर, तिथे उभं राहिलं असतं तर पालिकेच्या माणसानं मला झाड समजून पाणी घातलं असतं.

मग गॉगल लावला. मेव्हण्यानं दुबईहून आणलेला, पोलराइज्ड. तो लावल्यावर स्क्रीन जी काळी ठिक्कर पडली, मला वाटलं फोन गेला! गॉगल काढला, फोन जिवंत, लावला, मेला. फोन आडवा धरला तर गॉगलातून दिसतं, पण फोन आडवा केला की पत्रिका फिरून काडेपेटीएवढी होते. शेवटी फोन उभाच ठेवून मान आडवी केली आणि खांद्याला कान टेकवून वाचायला लागलो, तेवढ्यात शेजारी रिक्षा थांबली. "काका, मान धरली का?"

या सगळ्यात अण्णा शांत उभे होते. डोक्यावर पंचा, वय 78. निघताना म्हणाले होते, "छत्री घे रे," आणि मी म्हणालो होतो, "मे महिन्यात कसली छत्री अण्णा." त्यांच्याकडे अजून तोच नोकिया 1100, वर टॉर्चवाला. त्यांनी दोनदा विचारलं, "मी फोन लावू का तिला?" मी दोनदा म्हणालो, "लोकेशन आहे माझ्याकडे." आणि ते भर उन्हात आपल्या त्या टिचभर स्क्रीनवर किती वाजले ते आरामात बघत होते. त्या जुन्या काळ्या-करड्या स्क्रीनला ऊन चालतं, कारण ती बाहेरचाच उजेड परत पाठवते, वाण्याच्या कॅल्क्युलेटरसारखी, उलट जेवढं ऊन तेवढी ठळक. आमच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड पाडायची हौस.

शेवटी पलीकडच्या रसवंतीच्या ताडपत्रीखाली शिरलो, पण तिथे नुसतं उभं राहून मोबाईल बघायची सोय नसते, सावलीचं भाडं असतं. दोन ग्लास सांगितले, 20 रुपयाला एक. आलं-लिंबू मारून रस आला, पत्रिका उघडली, अक्षरं दिसायला लागली आणि "पैसे स्कॅन करा दादा." आता हा क्यूआर कोड त्यानं कुठे चिकटवावा? गाड्याच्या बाहेरच्या अंगाला, लॅमिनेट करून, ऐन उन्हात. गेलो बाहेर. एका हातानं फोनवर आडोसा धरला, दुसऱ्या हातानं अंदाजानं चार टाकला, शून्य टाकला, उमटला की नाही दिसेना म्हणून परत टाकला, पिनही अशीच चाचपडत दाबली.

आतून त्या स्पीकरची बाई खणखणीत म्हणाली, "चारशे रुपये प्राप्त झाले."

रसवाला प्रामाणिक माणूस, पण गल्ल्यात सुट्टे नाहीत. "परत ऑनलाइन टाकतो, तुमचा नंबर दाखवा," म्हणून त्यानं स्वतःचा फोन काढला, ताडपत्रीच्या भोकातून नेमकी एक तिरीप त्याच्या स्क्रीनवर पडली आणि तोही मान वाकडी करून बघायला लागला. "दादा, दिसंना काय. तुमचे अठरा ग्लास बाकी आहेत असं धरा."

मी मागे वळलो तर अण्णा रस संपवून बाहेर उन्हात उभे, नोकिया कानाला. "हां, रसवंतीच्या मागचीच गल्ली ना? आलोच. आणि ऐक, पाहुण्यांना थंड काही मागवलं नसशील तर मागवू नकोस, आपले अठरा ग्लास इथे भरलेले आहेत."