परदेशातून : कंपनी गेली, हात उरले

मेंदूत चिप बसवून लुळा हात हलवल्याची बातमी आली की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन तट पडतात. हे आपल्याकडे कधी येणार, असे भाचेमंडळी विचारतात; जिथे धड कॅथेटर आणि व्हीलचेअर मिळत नाही तिथे ही चैन कशाला, असे काका सुनावतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये राहून मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटू लागल्या आहेत.

येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात हंटर पेकहॅम यांच्या गटाने ‘फ्रीहँड’ ही यंत्रणा विकसित केली आणि १९८६ साली ती प्रथम एका रुग्णाच्या शरीरात बसवली. मज्जारज्जूला मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर इजा झाली की खांदा हलतो, कोपर वाकते, पण बोटे निर्जीव राहतात. या बोटांच्या स्नायूंना वीज पोचवणारे आठ इलेक्ट्रोड जोडायचे, छातीत त्वचेखाली विद्युत्स्पंद देणारे यंत्र ठेवायचे, आणि मग दुसऱ्या बाजूचा खांदा किंचित हलवून मूठ मिटायची वा उघडायची, अशी ही रचना होती. चमचा धरून स्वतःचा घास स्वतः घेणे तिने शक्य केले. (बातम्या बहुधा चालण्याच्या येतात, पण २००४ च्या एका अमेरिकी पाहणीत चारही अंगे लुळी पडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सर्वांत आधी हातच मागितले होते.)

अमेरिकी औषध प्रशासनाने १९९७ मध्ये तिला मान्यता दिली, जगभरात सुमारे अडीचशे जणांना ती बसवली गेली, आणि २००१ मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. यंत्र नापास झाले नव्हते. गिऱ्हाईक थोडे होते. शरीरातली तार मात्र बाजारभाव पाहून निघून जात नाही, आणि बाहेरचे सुटे भाग तर झिजतातच.

म्हणून भाच्यांना मी विचारतो की यंत्र आल्यावर दहाव्या वर्षी त्याची दुरुस्ती कोण करणार, हे करारात लिहून घ्याल का? आणि काकांना आठवण देतो ती वेल्लोरची. तिथे पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांसाठी शाबूत स्नायूचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुसरीकडे वळवण्याची शस्त्रक्रिया रुजवली. त्याच तत्त्वाने, कोपर वाकवणाऱ्या स्नायूंपैकी एकाचा टेंडन अंगठ्याकडे वळवून, मानेला इजा झालेल्या माणसालाही चिमटीची पकड देता येते, आणि तिला बॅटरी लागत नाही. अमेरिकेतही पात्र रुग्णांपैकी थोड्यांनाच ही शस्त्रक्रिया मिळते, कारण पुष्कळांना ती कोणी सुचवतच नाही. गावी मानेला इजा होऊन हात लुळे पडलेला रुग्ण दिसला तर काकांनी डॉक्टरांना आधी हिच्याबद्दल विचारावे.