आधारची एक झेरॉक्स ठेवून जा!

लॉजवर आधारची झेरॉक्स. पूर्वी सिमकार्डालाही झेरॉक्स. भाड्याच्या खोलीला झेरॉक्स. परवा तर लग्नाचा हॉल नुसता बघायला गेलो, तिथेही "काका, आधारची एक झेरॉक्स ठेवून जा". अरे, मी हॉल बघतोय की कुणाला जामीन राहतोय?

म्हटलं, मास्क्ड आधार घे. १२ आकड्यांतले शेवटचे ४च दिसतात, सरकारनेच दिलेली सोय आहे. काउंटरवरचा पोरगा असा बघायला लागला, जणू मीच भामटा. "पूर्ण नंबर लागतो, साहेब." कशाला लागतो? ते त्यालाही माहीत नाही. गठ्ठा टेबलाखाली, वर्षाअखेरीस रद्दीत, आणि तिथून भेळवाल्याकडे.

मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बंगळुरू कार्यालयाने बजावलं होतं, झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणे! बरं बाबा.

आता मी झेरॉक्सवर आडवं लिहितो: 'फक्त अमुक कामासाठी', खाली तारीख, सही. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवलंय. अधूनमधून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघतो, माझ्या नावावर किती सिमकार्डं फिरतायत. बायको म्हणते, एवढं लक्ष बीपीच्या गोळ्यांकडे दिलं असतं तर!

आणि काल सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज: "सर्वांनी आपापल्या आधारचे फोटो इथेच टाकावेत." नऊ जणांनी टाकलेसुद्धा. एकाने तर पॅनही, न मागता.