धर्म आणि अरबीकरण एकच नव्हे

पूर्व आफ्रिकेतील सोमालियावरचा लेख वाचला. सोमाली समाजाने अरबी चालीरीती उचलून स्वतःची ओळख गमावली, हे त्यातील विधान मला घाईचे वाटते. इस्लाम तेथे अनेक शतकांपासून रुजलेला आहे. तरीही भाषा कुशितिक या आफ्रिकी भाषासमूहातलीच राहिली आणि कुळांमधील तंटे सोडवणारा ‘हेर’ हा रूढ कायदाही टिकून राहिला. लष्करी हुकूमशहा सियाद बरे यांच्याच राजवटीत १९७२ साली सोमालीसाठी अरबी नव्हे, तर लॅटिन लिपी स्वीकारली गेली आणि दोनच वर्षांनी देश अरब लीग या अरब राष्ट्रांच्या संघटनेचा सदस्य झाला, ही विसंगती लेखात यायला हवी होती. दारूद, इसाक यांसारखी मोठी कुळे आपला मूळपुरुष अरबस्तानातून आल्याचे सांगतात. मात्र अशा वंशावळींतून इतिहासापेक्षा प्रतिष्ठेची ओढ अधिक दिसते (आपल्याकडच्या वंशावळीही याला अपवाद नाहीत).

पेहराव अरबी वळणाचा झाला, याबाबत मात्र लेखकाशी मी सहमत आहे. एका खांद्यावर गाठ मारून नेसायचे ‘गुंतीनो’ हे स्त्रियांचे पारंपरिक वस्त्र मागे पडून डोके व अंग झाकणारा सैल जिलबाब सर्वत्र दिसू लागला तो प्रामुख्याने १९९१ मध्ये राज्यसत्ता कोसळल्यानंतर, म्हणजे इस्लामच्या आगमनानंतर कित्येक शतकांनी. त्यामुळे या बदलाची कारणे धर्मात शोधण्याआधी यादवी, स्थलांतर आणि आखाती देशांशी वाढलेला संबंध यांत शोधावी लागतील.