मॅडमना यंदाही मगच द्या

सप्टेंबर उजाडला की इंदूरच्या मराठी घरांत गणपतीच्या आरासीइतक्याच गांभीर्याने आणखी एक विषय चर्चेला येतो, तो म्हणजे यंदा मॅडमना काय द्यायचे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ रोजी झाला आणि ते राष्ट्रपती झाले त्या १९६२ सालापासून हा दिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जातो, एवढे आपल्याला तोंडपाठ असते, कारण मुलाचे भाषण दरवर्षी आपणच लिहून देतो. भेटीच्या बाबतीत मात्र जाणत्या माणसाचा सल्ला सहसा मिळत नाही. माझी मावशी लोकमान्य नगरात राहते. तिने एका खासगी शाळेत ३१ वर्षे पाचवीला गणित शिकवले आणि उत्तरापुढे एकक न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण तेवढी वर्षे न चुकता कापला. तिच्या मागच्या खोलीतल्या कपाटात या सेवेचे संचित भरलेले आहे. पुढील सूचना त्या कपाटाचे दार उघडून, आणि आतले अंगावर कोसळू नये म्हणून एका हाताने ते धरून ठेवून, केलेल्या अभ्यासावर आधारलेल्या आहेत.

पहिली निवड अर्थातच मग. राणीपुऱ्यात तो घाऊक भावाने मिळतो, त्यावर मॅडम जगात सर्वोत्तम असल्याचे आधीच छापलेले असते, त्यामुळे आपल्याला वेगळा विचार करण्याचे कष्ट पडत नाहीत. इतरही हाच मग आणतील अशी शंका मनात आणू नये, इतर आणतातच. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी साधारण ३० मुलांमागे १ शिक्षक असे प्रमाण घालून दिले आहे. मावशीच्या वर्गात ४२ मुले असत, म्हणजे कायद्याला मान्य असलेल्या मर्यादेपेक्षा १२ मग जास्तीचे येण्याची सोय तिथे कायमची होती. ती स्वतः चहा कपबशीतच पिते. मधली सुटी वीस मिनिटांची, त्यातली आठ कुणाचा डबा सांडला आणि कुणी कुणाला ढकलले याच्या निवाड्यात जायची. उरलेल्या वेळात गरम चहा संपवायचा तर तो बशीत ओतण्याला पर्याय नसतो, आणि मगाला बशी नसते. पण ही अडचण पिणाऱ्याची आहे. देणाऱ्याने ती मनावर घेण्याचे कारण नाही.

काही भाबडे पालक उपयोगी वस्तू देण्याच्या फंदात पडतात, त्यांना वेळीच सावध केले पाहिजे. मावशी दर दोन महिन्यांनी खजुरी बाजारातून लाल पेनांचा डबा स्वतःच्या पैशाने आणत असे, कारण ४२ वह्या रोज तपासल्या की एक पेन फार दिवस पुरत नाही. पंख्याची घरघर आणि शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा घोष यांच्यावर आवाज चढवून सलग चार तासिका शिकवल्यावर घसा बसतो, म्हणून तिच्या पर्समध्ये खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची काडी कायम असे. स्टेपलर, चांगल्या कोऱ्या कागदांचे एक रीम, खडूने बोटे फुटतात त्यावर लावायचे साधे मलम, असल्या वस्तू कुणी दिल्या असत्या तर त्या आठवड्याभरात वापरात आल्या असत्या आणि दिवाळीपर्यंत संपूनही गेल्या असत्या. नेमका हाच त्यांचा दोष आहे. संपलेल्या वस्तूवर आपल्या मुलाचे नाव कुठे दिसणार? शिवाय लाल पेनांचा डबा हातात धरून काढलेला फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर लोक आपल्याबद्दल काय समजतील, याचाही विचार झाला पाहिजे.

नावाचा मुद्दा निघालाच आहे तर त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण भेटवस्तूपेक्षा तिच्यावरची चिठ्ठी अधिक महत्त्वाची असते. चिठ्ठीवर मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता, सेक्शन आणि शक्यतो हजेरी क्रमांक असावा, म्हणजे सहामाहीच्या उत्तरपत्रिका समोर आल्या की मॅडमची गफलत होणार नाही. चिठ्ठी अशा गोंदाने चिकटवावी की ती निघता निघू नये. मावशीकडे एक फोटोफ्रेम आहे, तिच्या काचेवर भर मध्यभागी एका विद्यार्थ्याचे नाव इतके पक्के बसले आहे की कोणताही फोटो लावला तरी फोटोतल्या माणसाचे तोंड झाकले जाते. तिने शेवटी त्यात काहीच लावले नाही. अशा रीतीने त्या मुलाचे नाव आज अठरा वर्षांनंतरही तिच्या घरात टिकून आहे, आणि भेटीचे यश याहून वेगळे काय असते?

ग्रुपमध्ये दरवर्षी कुणीतरी समंजस आई सुचवते की सगळ्यांनी मिळून एकच भेट देऊ आणि माणशी दोनशे रुपयांच्या वर जायचे नाही. या सूचनेला सर्वांत आधी आपणच अंगठा दाखवावा, तो पाठिंब्याचा. त्यानंतर त्याच संध्याकाळी शीतलामाता बाजार गाठावा आणि एक माहेश्वरी साडी निराळी घेऊन ठेवावी. महेश्वरच्या विणकामाला अहिल्याबाई होळकरांनी आश्रय दिला होता, त्यामुळे साडी देताना ही लाच नसून माळव्याच्या परंपरेचे जतन आहे असे स्वतःशी म्हणता येते. रंग कोणता आवडतो हे मॅडमना विचारू नये, विचारले तर त्या नको म्हणतील. आणि ती साडी नेसून त्या शाळेत आल्याच, तर तिचे मूळ फक्त आपल्याला आणि आपण ज्यांना ज्यांना विश्वासात घेऊन सांगितले त्या अकरा जणींनाच ठाऊक असेल. सरकारी शाळेत मूल असेल तर मात्र जरा जपून राहावे, कारण तिथल्या शिक्षकांना मध्य प्रदेशाचे १९६५चे आचरण नियम लागू आहेत आणि त्यांत भेटी स्वीकारण्यावर बंधने घातलेली आहेत. पण सरकारी शाळेत मूल असलेल्या पालकांना माहेश्वरी साडीचा हा प्रश्न पडल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

जाता जाता आयकराचेही पाहून घेऊ. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर भेट आली तर ती करपात्र ठरते, आणि ज्या वस्तू या हिशेबात धरल्या जातात त्यांच्या यादीत दागिने, शिल्पे आणि चित्रे आहेत, मग नाहीत. म्हणजे आपल्या मुलाने काढलेले मॅडमचे चित्र, ज्यात त्यांचा एक हात दुसऱ्याच्या दुप्पट लांब आहे, ते कायद्याच्या दृष्टीने मगापेक्षा अधिक गंभीर प्रकरण आहे. हे एक कारण मगाच्या बाजूने लक्षात ठेवावे.

आता वेष्टनाकडे वळू, कारण इंदूरकराच्या खऱ्या कसोटीची जागा तीच. आपले शहर २०१७पासून स्वच्छतेत देशात पहिले येत आले आहे, आणि घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत टाकण्याची शिस्त आपण अंगी बाणवली आहे: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घातक. शिक्षकांची भेट निवडताना ती निदान तीन खान्यांत विभागता आली पाहिजे असा दंडक मी सुचवतो. पुष्पगुच्छ या दृष्टीने उत्तम आहे. त्यातली फुले ओल्यात जातात, जिलेटिनचा कागद प्लास्टिकमध्ये, चमकी लावलेली रिबीन कशात टाकायची यावर घरात वाद होतो, आणि देठांना गुंडाळलेली तार बोटात घुसते ती वेगळीच. शिक्षक दिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ओट्यावर कात्री घेऊन बसलेली मी स्वतः पाहिली आहे. पुढ्यात वर्तमानपत्र पसरलेले, एका बाजूला गुलाबांची माती झालेली, दुसऱ्या बाजूला रिबिनींचा गुंता, आणि मांडीवर एक उघडले की गाणे म्हणणारे शुभेच्छापत्र. पत्राचा कागद सुका आणि आतला बटणाएवढा सेल ई-कचरा, म्हणून ती नखाने तो सेल उकरून काढू पाहत होती आणि पत्र दर खेपेस पहिल्या कडव्यापासून सुरू होत होते. तेवढ्यात कोपऱ्यावर कचरागाडीचे गाणे ऐकू आले. तिने हार मानून ते पत्र तसेच सुक्यात टाकले. गाडीवरच्या मुलाने डबा वर घेतला, कान लावला आणि खाली वाकून म्हणाला, “मैडम, ये तो बज रिया है.” ३१ वर्षे दुसऱ्यांच्या चुका दाखवलेल्या बाईने मान खाली घालून तो डबा परत घेतला.

मिठाईचे मी थोडक्यात आटोपतो. काजूकतलीचा डबा द्यावाच, कारण मॅडमना मधुमेह आहे हे आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि असलेच तर त्यांच्या घरी पाहुणे येतातच. शाळेतल्या आयाबाई, ज्या आपल्या मुलाची उलटी पुसतात आणि त्याची हरवलेली पाण्याची बाटली तीनदा शोधून देतात, त्यांना काही देण्याची प्रथा नाही. त्यांच्याकडे गुण नसतात.

सर्वांत कटाक्षाने टाळायची गोष्ट म्हणजे बिनखर्चाच्या भेटी. मुलाला साडेबाराला न्यायला सांगितले असता साडेबाराला जाणे, गृहपाठाची वही त्यानेच लिहिलेली असणे, रात्री नऊनंतर फोन न करणे, पालकसभेत दुसऱ्याच्या मुलाविषयी न बोलणे, असल्या गोष्टी एकदा दिल्या की त्या वर्षभर देत राहाव्या लागतात. मगाचे तसे नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामाला जुंपण्याची मुभा ठेवली आहे, तेव्हा वर्षभरात कधीतरी मॅडम आठ दिवस वर्गात दिसल्या नाहीत तर त्या मजेत असतील असे समजून ग्रुपवर चौकशी सुरू करण्याची सोयही आपण हातची घालवून बसू.

भेट पोहोचली की काम संपले असे मानून झोपी जाऊ नये, कारण खरा मोका त्याच रात्री येतो. मावशीच्या घरी त्या दिवशी रात्रीचे जेवण झाले की ती चष्मा पुसून, उशाशी चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच ठेवून, मोबाइल हातात घेत असे आणि आलेल्या एकेका भेटीची पोच देत असे. सगळ्यांना एकच मजकूर पाठवणे तिला पटत नसे, त्यामुळे “मग फार सुंदर आहे” हे वाक्य ती बेचाळीस निरनिराळ्या रीतींनी लिहायची आणि साधारण तिसाव्या पालकापाशी साडेदहा वाजलेले असत. आपल्या मोबाइलवर तिचा तो आभाराचा संदेश दिसला की क्षणाचाही विलंब न लावता उलट उत्तर द्यावे, कारण त्या घटकेला मॅडम जाग्या आहेत, फोन त्यांच्या हातात आहे आणि उत्तरपत्रिका हाताच्या अंतरावर आहेत. आधी हात जोडल्याच्या तीन खुणा टाकाव्यात. मग खाली नम्रपणे लिहावे की मॅडम, क्षेत्रफळाच्या उदाहरणात उत्तर बरोबरच होते, फक्त चौरस सेंटीमीटर लिहायचे राहिले, तेवढ्या अर्ध्या गुणाचे काही होऊ शकेल का, आणि हो, मगाचा रंग मुद्दाम तुमच्यासाठी निवडला होता.