नळाचं दुधाळ पाणी म्हणजे जादा क्लोरीन नव्हे

‘नळाला पांढरं पाणी आलं, म्हणजे क्लोरीन जास्त टाकलंय, ओतून द्या’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. पाणीपुरवठ्याच्या कामात असल्यामुळे हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

पिण्याच्या पाण्यात क्लोरीन असतो तो लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशात. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. एवढ्या क्लोरीनने पाणी पांढरं होत नाही. पुरवठा बंद असताना पाइपात हवा शिरते. पाणी सुटलं की ती दाबाखाली विरघळते आणि नळातून बाहेर पडताना तिचे बारीक बुडबुडे होतात.

काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि हलवू नका. पेला तळाकडून वर निवळत गेला, मिनिट-दोन मिनिटांत स्वच्छ झाला, तर ती हवाच. असं पाणी ओतून देऊ नका, उन्हाळ्यात तर नकोच. तळाशी गाळ बसला तर मात्र तक्रार करा.

खरी भीती वेगळीच आहे. पाणी बंद असताना रिकाम्या पाइपात ओढ निर्माण होते आणि शेजारच्या गटाराचं पाणी गळक्या जोडातून आत खेचलं जातं. पाण्याला कुबट वास आला, पिवळट किंवा काळसर झाक दिसली, तर ते पिऊ नका, लगेच वॉर्ड ऑफिसला कळवा. दूषित पाणी कधीकधी अगदी नितळही दिसतं, म्हणून आम्ही नळावर क्लोरीन तपासतो. ऑर्थोटोलिडीन हे रसायन क्लोरीन असला की पाण्याला पिवळा रंग देतं. नमुन्यात त्याचे थेंब टाकून पिवळा रंग आलाच नाही, म्हणजे क्लोरीन उरलेला नाही, घाण शिरून तो संपला असू शकतो, आणि आमची धावपळ सुरू होते.