रागावू नका हं, पण…

हे शब्द कानावर आले की रागवायची तयारी ठेवावी. आज संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये मला चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धीच. समोरच्या काकू मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत होत्या. घाटकोपर गेलं तशी त्यांनी मान वर केली.

"रागावू नका हं, पण वांग आलंय तुम्हाला."

जसं काही मला माहीतच नव्हतं! धाकटीच्या वेळेला दोन्ही गालांवर आलेलं वांग, धाकटी चौथीत गेली तरी मुक्काम हलवत नाहीये.

"जायफळ लावा, दुधात उगाळून. माझ्या नणंदेचं पंधरा दिवसांत गेलं."

"डॉक्टरांचं औषध चालू आहे."

"ट्यूब ना?" मेथीची काडी माझ्यावर रोखली गेली. "माझ्या जावेची कातडी सोलवटली ट्यूबनं. मेडिकलवाल्यानं स्वतः दिलेली!"

इथे काकूंचं अर्धं खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला. स्टिरॉइडची मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी काउंटरवर मागितली की मिळतात. आमच्या डॉक्टरीणबाई त्यावर भडकतात आणि मला सनस्क्रीन लावायला सांगतात: दोन बोटं भरून, दर दोन तासांनी. अहो, घर सोडल्यापासून ऑफिसात पंच करेपर्यंतच दोन तास होतात. त्यातलं निम्मं सनस्क्रीन शेजारणीच्या ओढणीला जातं. तिचे खांदे मात्र उजळले असतील.

एव्हाना खिडकीतून बटाट्याचा रस आला, दारातून मसुरडाळ. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, सल्ल्यांना होती.

"पूर्वी गोऱ्या असणार तुम्ही," काकू हळहळल्या.

मी कधीच गोरी नव्हते. फेअर अँड लव्हलीनं 2020 साली नावातलं 'फेअर' काढून टाकलं, काकूंच्या डोक्यातून कोण काढणार?

"मिस्टर काही म्हणत नाहीत?"

मिस्टरांचं कपाळ बाईक चालवून चालवून तव्यासारखं झालंय. त्यांना आजवर एका माणसानं विचारलेलं नाही, "मिसेस काही म्हणत नाहीत?"

ठाण्याला काकू उतरल्या. देठं माझ्या पायाशी ठेवून.

रात्री सहाणेवर जायफळ उगाळत होते, तेवढ्यात नवरा स्वयंपाकघरात डोकावला.

"श्रीखंड?"

"हो," म्हटलं.

चक्का आणायला गेलाय.